नांदेडचा सूर्यास्त

फेब्रुवारी सरत आला की संगमनेरच्या हमरस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या डुलत जायला लागतात आणि मी दहावीतल्या पोरीसारखी घाबरते. पन्नाशी जवळ आली तरी घाबरते. मी शाळेत भूगोल शिकवते, दरवर्षी दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभी असते, म्हणजे आता घाबरायचं ते पोरांनी. पण ओल्या उसाचा, मळीचा तो आंबटगोड वास आणि ‘पेपर जवळ आला’ ही धास्ती माझ्या डोक्यात एकाच खणात ठेवलेली आहे. एक काढलं की दुसरं निघतंच.

यंदा त्यात भर पडली. इथल्या एका कॉलेजाने वादविवाद स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिला होता: धार्मिक श्रद्धेमुळे समाजासमाजांत शांतता नांदते की तेढ वाढते? एक मुलगी बाजूने इतकं सुरेख बोलली की मला पटलं. तिच्यानंतर एक मुलगा तावातावाने विरुद्ध बोलला, तेही पटलं. अशा बाईने खरं तर परीक्षक होऊ नये. शेवटी संयोजकांनी माइक माझ्यापुढे धरला, ‘मॅडम, तुमचं मत?’ मी म्हणाले, ‘माझ्या मतामागे अकरा मिनिटांची एक गोष्ट आहे, पण ती सांगायला तास लागेल.’ पोरं हसली, टाळ्या पडल्या, चहा आला. घरी आले तरी ती अकरा मिनिटं काही मला सोडेनात.

माझी दहावी एका साखर कारखान्याच्या कॉलनीत झाली. बेलापूर-श्रीरामपूरच्या त्या पट्ट्यात चिमणी दिसली की कारखाना समजायचा, कारखान्यापाठी कॉलनी आणि कॉलनीपाठी पाट. गळिताचा हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस घरघर चालायची. चिमणीतून काजळीचे बारीक तुकडे उडायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, आमच्या वह्यांवर येऊन बसायचे. ते फुंकून टाकायचे असतात, बोटाने पुसायचे नसतात, हे कॉलनीतल्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. माझ्या दहावीच्या प्रत्येक वहीत एक तरी काळा फराटा आहे. घाई माझ्या रक्तात आहे, त्याला काय करणार?

बाबा कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे बघणं त्यांचं काम. त्यामुळे मनगटावरचं घड्याळ हाच त्यांचा देव, असं आई म्हणायची. दुसरा देव आमच्या घरात नव्हता. छप्पन्नच्या दीक्षेनंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरले आणि पाटात सोडून दिले. भिंतीवर बुद्धांची एक तसबीर, तिच्यापुढे संध्याकाळी मेणबत्ती, आणि पंचशील. बाबा लहान असताना गावच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवरून त्यांना कुणीतरी दंडाला धरून खाली उतरवलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, पण ‘तिसऱ्या’ हा शब्द मी विसरले नाही. धर्माचा विषय निघाला की ते म्हणत, ‘जिथं देव शिरला तिथून शहाणपण बाहेर पडलं.’ आणि वर्तमानपत्राचं पान उलटत.

ते साल चौऱ्याण्णव. ब्याण्णवचा डिसेंबर मागे पडून सव्वा वर्ष झालं होतं. आमच्या कॉलनीत तेव्हा काही झालं नव्हतं, फक्त माणसं एकमेकांशी जरा जपून बोलायला लागली होती. आणि त्या वर्षी रमजान, महाशिवरात्र आणि आमची दहावी यांनी ठरवून एकच महिना धरला.

आमच्या क्वार्टरला लागून मुमताजचाचीचं क्वार्टर. मधली भिंत एकच. तिची शबाना माझ्या वर्गात, माझ्या बाकावर आणि खरं सांगायचं तर माझ्या जिवात. रमजान लागला तशी चाची पहाटे चारला सहरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणासाठी, उठायची आणि लाटण्याने मधल्या भिंतीवर तीनदा ठोकायची. म्हणजे मी उठायचं. गजराच्या घड्याळाचा गळा दाबता येतो, चाचीचा येत नसे. डोळे चोळत मी वह्या घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची. स्टोव्हची निळी ज्योत, तव्यावर फुगणारी चपाती, आणि चाचीचं पालुपद: ‘खा गं सुजाता. तुजा रोजा न्हाई तर न्हाई, परीक्षा तर हाय ना?’ त्या महिन्यात रोजा न करता सगळ्या सहऱ्या खाणारी मी एकटीच असेन. शबाना दिवसभर सुकायची, मी दोन किलोंनी वाढले.

मशीद लांब, गावात. तिथली अजान कारखान्याच्या घरघरीत कॉलनीपर्यंत पोचत नसे. मग रोजा सोडायची वेळ कळावी कशी? यावर आमच्या कॉलनीने काढलेला तोडगा होता भोंगा. कारखान्याचा भोंगा पाळी बदलताना लांबलचक वाजायचा. रमजानात मात्र रोज संध्याकाळी तो एक बारीक, आखूड ‘टुक’ करायचा. तो करायचे रंगनाथकाका. बॉयलरवरचे जुने कामगार, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, एकादशी कधी चुकवली नाही, आणि तो महिनाभर संध्याकाळची पाळी मुद्दाम मागून घेत. वरच्या साहेबांना हे ठाऊक होतं, पण त्या वेळी त्यांना नेमकं कमी ऐकू येत असे. ‘टुक’ झालं की चाची खजूर तोंडात टाकायची आणि म्हणायची, ‘रंगनाथभाऊचं भलं व्हवो.’

आता रोजची वेळ रंगनाथकाकांना कळायची कशी? रमजानच्या वेळापत्रकाच्या छापील कार्डावरून. आणि कार्डावरून चिठ्ठीवर ती वेळ सुवाच्य अक्षरात उतरवून बॉयलरच्या गेटवर द्यायचं काम माझं होतं. माझं अक्षर चांगलं, आणि वडील टाइम ऑफिसात. बाबांना हे मुळीच पसंत नव्हतं. ‘मी कामगारांच्या पाळ्या बघतो, देवाच्या नाही. तू पण अभ्यास बघ,’ म्हणाले. पण मला त्या कामाचा फार अभिमान होता. माझ्या चिठ्ठीवर अख्खी कॉलनी पाणी पिते, याचा कुणाला अभिमान वाटणार नाही?

महाशिवरात्रीच्या सकाळी चाचीच्या शेळीने कार्ड खाल्लं.

खिळ्यावरून ते वाऱ्याने पडलं असावं. शबानाने धावत जाऊन तिच्या तोंडातून एक कोपरा ओढून काढला, त्यावर फक्त ‘रमजान मुबारक’ एवढंच उरलं होतं. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. चाचीने शेळीला दोन शिव्या घातल्या आणि वर म्हणाली, ‘हिला बी सवाब, पुन्य लागंल, सोडा.’ दुपारी योगायोगाने एक पाहुणी आली. शबानाचा मामू सलीम, म्हणजे चाचीचा धाकटा भाऊ, त्याची सासू. जाडजूड, पानाने ओठ लाल झालेली, सगळे तिला खाला म्हणत. रोज्यात पान नाही म्हणून जरा चिडलेली. तिच्या पिशवीतून खजुरांबरोबर एक नवंकोरं कार्ड निघालं. मी घाईघाईत, आदल्या दिवसाची वेळ आठवूनही न बघता, त्या दिवसाची वेळ उतरवली, सहा वाजून एकोणतीस मिनिटं, चिठ्ठी गेटवर दिली आणि येऊन प्रमेय पाठ करत बसले.

त्या दिवशी रंगनाथकाकांचा शिवरात्रीचा उपास होता. आमच्या गल्लीत एका बाजूने भगर-आमटीचा आणि दुसऱ्या बाजूने भज्यांच्या पिठाचा वास येत होता. आमच्या घरात उपास नाही की रोजा नाही, त्यामुळे मला दोन्हींकडून बोलावणं होतं. नास्तिकाचे फायदे बाबांनी कधी नीट सांगितले नाहीत, ते मी स्वतः शोधून काढले.

टुक झालं. चाची, शबाना, गल्लीतल्या चारपाच बायका, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायलं. खाला हात धुवायला ओट्यावर गेली आणि तिथूनच ओरडली, ‘अगं बायांनो, तुमच्याकडं काय सूरज मावळायच्या आधीच रोजा सोडतात?’

आम्ही बाहेर धावलो. पश्चिमेला, उसाच्या तुऱ्यांच्या जरा वर, सूर्य अगदी आरामात बसला होता. केशरी, चांगला भाकरीएवढा. शबानाच्या हातातला पेला तसाच राहिला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी आत जाऊन कार्ड उलटं केलं. मागे एका कापडदुकानाची जाहिरात, आणि खाली ठळक अक्षरात गाव: नांदेड, म्हणजे खालाचं गाव. त्याच सकाळी मी भूगोलाच्या वहीत स्थानिक वेळेची तीन उदाहरणं सोडवली होती. एक रेखांश, चार मिनिटं. पूर्वेला सूर्य आधी उगवतो, आधी मावळतो. नांदेड आमच्या पूर्वेला पावणेतीन अंश. पावणेतीन चोक अकरा. अख्ख्या कॉलनीचा रोजा मी नांदेडच्या सूर्यास्ताला सोडायला लावला होता.

तोवर मैदानात गलका झाला होता. पुरुषमंडळी तिथे सतरंजीवर एकत्र रोजा सोडत. सलीममामू सगळ्यांत पुढे होता. मुंबईत त्याचं शिलाईचं दुकान होतं. त्र्याण्णवच्या जानेवारीत जळालं. तेव्हापासून तो बहिणीकडे येऊन कारखान्यात रोजंदारीवर लागला होता. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. माझा शाळेचा गणवेश त्यानेच शिवला होता, हेमची शिवण अजून उसवलेली नाही. पण ज्याचं दुकान देवाचं नाव घेत जाळलं गेलंय, त्याने ‘चुकून झालं असेल’ हे पटकन कसं म्हणावं? ‘वीस-पंचवीस दिवस बराबर वाजतो, आन् आजच चुकतो? मुद्दाम केलंय,’ तो म्हणाला. घोळका बॉयलरच्या गेटकडे निघाला. कँटीनच्या पायरीवरून दोघातिघांनी उत्तर दिलं, ‘भोंगा वाजवतो हेच उपकार समजा. बंद करा म्हणावं हे लाड.’ एवढ्याने दोन बाजू झाल्या. सकाळी ज्यांनी एकाच नळावर पाणी भरलं होतं, ती माणसं.

बाबा ऑफिसातून निघून मध्ये जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता माझे बाबा मिटवणार. त्यांनी घड्याळ बघून भोंग्याची कालची आणि आजची वेळ ताडून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, ‘अहो, अकरा मिनिटांचा प्रश्न आहे. दिवसभर उपाशी राहिलात, अकरा मिनिटांनी काय फरक पडतो?’

घोळका गेट सोडून बाबांकडे वळला. मागून मुमताजचाची पुढे आली, डोक्यावरचा पदर सारखा करत. ‘साळवेसाहेब, पस्तिसाला पास आन् चौतिसाला नापास. एका मार्कानं काय फरक पडतो, हे तुमच्या पोरीला सांगाल का?’

बाबा एक पाऊल मागे सरकले. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

रंगनाथकाका बाहेर आले. तोंड सुकलेलं, हात काजळीने भरलेले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्या खिशात माझी चिठ्ठी होती. तो तिथे क्षणभर थांबला आणि रिकामाच खाली आला. ‘चूक माजी हाय,’ ते म्हणाले. ‘मुद्दाम केलं न्हाई. पन चूक माजीच हाय.’ सलीममामू म्हणाला, ‘चुकीनं रोजा जुडतो का, काका?’ काका वळून आत गेले. गेट लागलं. कुणीतरी म्हणालं, उद्यापासून भोंगा नको. कुणीतरी म्हणालं, उद्याच मॅनेजरकडे अर्ज देऊ.

मी गर्दीच्या कडेला उभी होते आणि माझं तोंड उघडलं नाही. भीती वाटली, हे खरंच. पण त्याहून एक वेगळी भीती होती, ती आजही मला नेमकी आठवते. त्या दिवसांत एकट्या माणसाची चूक एकट्याची राहत नसे. रंगनाथकाकांची चूक दहा मिनिटांत ‘त्यांची’ चूक झाली होती. माझी झाली तर ती साळवेंची, मग आमच्या सगळ्या समाजाची होईल. बाबांना पुन्हा कुठल्यातरी पायरीवरून उतरवतील. हा हिशेब पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात यावा, याला जबाबदार कोण, हे त्या स्पर्धेतल्या विरुद्ध बोलणाऱ्या मुलाने फार छान सांगितलं होतं. मी त्याला त्याबद्दल पैकीच्या पैकी दिले.

रात्र कशीबशी गेली. पहाटे चारला भिंतीवर ठोके पडले. तीन, रोजच्यासारखेच. मला वाटलं होतं, आज पडणार नाहीत. भांडण झालं तरी चाची मला उठवायला विसरली नाही, या एका गोष्टीने मला रडू फुटलं. मी वह्या न घेताच गेले. स्वयंपाकघरात चाची, शबाना, खाला, आणि पाटावर सलीममामू जेवत बसलेला. मी चौकटीत उभं राहूनच सांगून टाकलं. चिठ्ठी माझी, वेळ मी लिहिली, कार्ड नांदेडचं, मी गाव बघितलं नाही, काकांना काही माहीत नव्हतं.

मामूने घास ताटात ठेवला. उठून कार्ड घेतलं, उलटं केलं, स्टोव्हच्या उजेडात वाचलं. ‘हे कार्ड कुणी आनलं?’

सगळ्यांनी हळूच खालाकडे पाहिलं. खालाने चपातीचा तुकडा शांतपणे रश्श्यात बुडवला. ‘मी आनलं. मी काय म्हटलं होतं का जावईबापू, नांदेडचा सूरज तुमच्या बेलापुराकडं मावळवा म्हनून?’

शबाना आधी फुटली. मग चाची. मग मी, रडता रडता. सासूपुढे हसावं की रागवावं हे सलीममामूला कळेना. मग तोही असा हसला की त्याला ठसका लागला, आणि सहरीची वेळ संपायला आल्यामुळे सगळ्यांनी मिळून त्याला पाणी पाजलं. ‘कॉलनीत दंगल व्हायची हुती माज्या सासूपायी,’ तो डोळे पुसत म्हणाला. दुकान जळाल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

उजाडल्यावर तो मला घेऊन रंगनाथकाकांकडे गेला. काका दारातल्या तुळशीला पाणी घालत होते. काकू आम्हाला बघताच म्हणाल्या, ‘सांगा बाबा तुमीच ह्यांना. परवा रात्रीपासनं पोटात पान्याचा थेंब न्हाई. शिवरात्रीचं पारनं हुतं सकाळी, तर म्हनतात, एवढ्या मानसांचे रोजे मोडून मी माजं पारनं कसं सोडू?’

मामूने मला पुढे केलं. मीच पुन्हा सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. घडी तशीच होती.

‘काका, काल ही दाखवायची ना,’ मामू म्हणाला.

‘पोरीची परीक्षा आलीया. आन् भोंगा काय चिठ्ठीनं वाजवला? हात माजा हुता. वेळ रोजच्यापरीस आधीची हाय, हे मलाबी दिसाया हवं हुतं.’ मग त्यांनी मामूला जवळ बसवून अगदी बारकाईने विचारलं, ‘मोडलेल्या रोज्याचं काय करत्यात तुमच्यात?’

‘चुकून मोडला तर ईदनंतर एक रोजा बदली ठेवायचा. बस्स.’

‘मग मीबी ठेवनार.’

‘तुमचा कुठं तुटला, काका?’

‘मी तोडला न्हवं?’

यावर मामूने काय करावं? त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. काकूंनी घाईने चहा आणला. काकांना कप-बशीतून, मला आणि मामूला स्टीलच्या पेल्यातून. मामूचा रोजा, त्याने आपला पेला हळूच बाजूला सरकवला. ते पेले त्या घरात आमच्यासारख्यांसाठीच होते, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं आणि काकूंनाही. एका उपासाने सगळं बदललं असं लिहायला मला फार आवडलं असतं. पेले पुढेही बरीच वर्षं तसेच राहिले. पण चहा त्या दिवशी काकांनी आमच्याबरोबर बसून घेतला, तोही मामूने बशी हातात दिल्यावर. त्यांचं पारणं मामूच्या हातून सुटलं.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, ‘किती रेखांशांचा फरक?’

‘पावणेतीन.’

‘गुणिले चार?’

‘अकरा.’

‘मग येतं की तुला,’ म्हणाले, आणि पुढची दोन मिनिटं हनुवटीच्या त्याच जागेवरून वस्तरा फिरवत राहिले.

त्या संध्याकाळी भोंगा वाजला. शेजारच्या कॉलनीतून बरोबर वेळ आणून चिठ्ठी मीच लिहिली, आणि खाली कंसात गावाचं नाव घातलं. ईदला शीरखुर्मा आमच्याकडे पातेलंभर आला. आणि ईदनंतरच्या शनिवारी, पहिल्या पेपरच्या दोन दिवस आधी, बदलीचा रोजा ठरला. खरं तर तो ज्याने त्याने सवडीने ठेवायचा असतो. पण मोडला एकत्र, तर जोडूही एकत्र, असं चाचीने ठरवलं आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. मी म्हटलं, मीही ठेवणार. सगळ्यांचा मोडणारी मीच होते.

बाबा भडकले. ‘उपाशी पोटी अभ्यास होत नाही. चूक झाली, कबूल केलीस, विषय संपला. त्याला उपास कशाला? कुणाला पोचतो तो?’ त्यांच्या म्हणण्यात काही खोटं नव्हतं. मला काही स्वर्ग नको होता आणि अल्ला की शंकर हेही माझं ठरलेलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, ‘बाबा, अकरा मिनिटांनी काय फरक पडतो, ते मला बघायचंय.’ ते चपला घालून कामावर निघून गेले.

फरक पडतो. दुपारी तीनपर्यंत शहाणपणा टिकतो, मग नुसती जीभ उरते. साडेचारला मला पाटाचं पाणी ऐकू येऊ लागलं. सहाला मी चाचीच्या दारात बसून कलिंगडाच्या फोडींकडे शत्रूसारखी बघत होते. त्या दिवशी मला कळलं की आपल्या रंगनाथकाकांनी त्या संध्याकाळी वाद का घातला नाही. ज्याने आयुष्यभर एकादशी धरली, त्याला दुसऱ्याचा उपास म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. बाबांचा मोठेपणा मी नाकारत नाही, पण त्या गेटवर शांततेची भाषा बोलणाऱ्या माझ्या बाबांपेक्षा, नुसती चूक कबूल करणाऱ्या माळकऱ्याला चाचीचं दुखणं जास्त कळलं होतं. आणि तरीही, दुकान जाळणारेही कुणाचे तरी भक्त होतेच की. म्हणून मला त्या स्पर्धेचा निकाल देता येत नाही.

त्या संध्याकाळी चाची म्हणाली, ‘आज ना कार्ड, ना भोंगा. डोळ्यांनी बघू.’ मग सगळी वरात पाटाच्या भरावावर. सतरंज्या, भज्यांचं पातेलं, सरबताची बादली. रंगनाथकाकांसाठी कांदा न घातलेली भजी वेगळ्या डब्यात. खाला मुद्दाम थांबली होती. ऑफिस सुटल्यावर बाबाही आले. ‘पोरीला चक्कर आली तर?’ असं कारण सांगून लांब, बाभळीखाली उभे राहिले.

पण पश्चिमेला ऊसतोड झालेल्या रानात पाचट पेटवलेलं होतं. सूर्य खाली आला आणि सरळ धुरात शिरला. लाल डाग दिसेनासा झाला. आता तो मावळला, की नुसता धुरामागे गेला? मामू म्हणाला, झाला वाटतं. काका म्हणाले, न्हाई, जरा थांबा. खाला म्हणाली, मी आता काही बोलणार नाही. चाळीसेक माणसं हातात खजूर घेऊन उभी, आणि ‘मावळला’ हा शब्द उच्चारायची एकाचीही छाती होईना. एकदा पोळलेली होती ना सगळी!

चाची वळली. ‘साळवेसाहेब, तुमीच सांगा.’

‘मी?’ बाबा म्हणाले. ‘मी तर मानतच नाही.’

‘म्हनून तर. आमा सगळ्यांना भूक लागलीया, आमच्या डोळ्यांवर भरवसा न्हाई. तुमचा ना रोजा, ना उपास. तुमाला कसली घाई? तुमी सांगाल तवा सोडू.’

बाबा बाभळीखालून पुढे आले. भरावाच्या कडेला जाऊन उभे राहिले. मनगट वर केलं, घड्याळ पाहिलं, मग धूर पाहिला, मग पुन्हा घड्याळ. रंगनाथकाका, सलीममामू, चाची, कँटीनच्या पायरीवरची बघायला आलेली ती दोघं-तिघं, सगळे माझ्या बाबांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना इतक्या माणसांनी इतक्या विश्वासाने कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. वेळ झाली. मला दिसत होतं, झाली. तरी ते बोलेनात. आणखी एक मिनिट गेलं. आणखी एक. वाऱ्याने धूर जरा बाजूला सरकला, मागचं आभाळ नुसतं राखाडी-तांबडं होतं, रिकामं.

‘मावळला,’ बाबा म्हणाले.

एकदम हात तोंडाकडे गेले. मी पाणी प्याले, आणि पाणी इतकं गोड मला त्यानंतर कधी लागलं नाही. कुणी बिस्मिल्ला म्हटलं, काकांनी विठ्ठल म्हटलं, मी काहीच म्हटलं नाही. चाची पेला घेऊन बाबांकडे गेली तेव्हा आई पाठीमागून पुढे आली आणि म्हणाली, ‘त्यांना आधी द्या वैनी. सकाळपासनं चहासुद्धा घेतला न्हाई. डबा तसाच परत आलाय.’

म्हणजे ती शेवटची दोन मिनिटं बाबा उपाशीपोटीच थांबले होते.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाबा जाम ओशाळले. ‘उपास-बिपास काही नाही,’ ते घाईघाईने म्हणाले. ‘भूक नव्हती.’ आणि सतरंजीवर, रंगनाथकाका आणि सलीममामू यांच्या मध्ये सरकून बसले.

भूक नसलेल्या त्या माणसाने त्या संध्याकाळी चौदा भजी खाल्ली.